दिगंबररावांचा लेगब्रेक आणि मी

जरा खाली बघा. वर नको, वर नुसतं ऊन आहे. पायाखाली. बोलतेय ती मी, हैदराबादेतल्या जामबागच्या क्रिकेट क्लबची काथ्याची मॅट.

गवताची पिच आपल्या नशिबी नाही हे ज्या क्लबांना वेळेत कळतं, ते माझ्यासारखीला विकत घेतात, मुरमाच्या जमिनीवर अंथरतात आणि चारी कडांनी खिळे ठोकतात. खिळे ठोकल्यावर हलायची सोय राहत नाही. जे होईल ते पडल्या पडल्या बघायचं, एवढाच माझा खेळ.

माझा जन्म केरळचा, नारळाच्या सोडणातला. मला विणताना दोन माग मोडले आणि एक कारागीर संन्यास घेऊन निघून गेला, अशी माझी वीण आहे. पटत नसेल तर सोडून द्या. मालगाडीने सिकंदराबादला उतरले आणि ट्रॉली ऑटोत पडून जामबागला दिगंबररावांच्या घरी आले. तेव्हापासून त्यांच्या जिन्याखालची जागा माझी.

दिगंबरराव क्लबचे सर्वांत जुने खेळाडू. सचिवालयातून निवृत्त झाले, क्लबातून व्हायला तयार नव्हते. फलंदाजी त्यांना कधी आलीच नाही. झेल हातात यायचा आणि रामराम करून निघून जायचा. पण लेगब्रेक? गौलीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंत नाव होतं. चेंडू सरळ यायचा, पडायचा आणि अचानक कुणीतरी हाक मारल्यासारखा वळायचा. फलंदाज चेंडूकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग पॅव्हेलियनकडे चालू लागायचा. पॅव्हेलियन म्हणजे कडुलिंबाखालची सतरंजी.

आता आतली गोष्ट सांगते. तो लेगब्रेक माझा होता.

माझ्या एका टोकाला, फलंदाजाच्या पुढ्यात, तळहाताएवढं भोक आहे. होतं. मी चारचौघांत सांगते की एका वेगवान गोलंदाजाचा चेंडू इतक्या जोरात आदळला की काथ्याने पेट घेतला. खरं म्हणजे जिन्याखाली घूस लागली होती. तर त्या भोकाच्या काठावर चेंडू पडला की त्याला स्वतःलाच कळायचं नाही आपण कुठे चाललोय. दिगंबरराव बरोबर तिथेच टाकायचे. तेवढी अचूकता होती हो त्यांच्यात, ते श्रेय मी काढून घेत नाही. पोरांनी जोर लावला तरी कुणाला तिथे चेंडू टाकता यायचा नाही.

म्हणून मैदान कुणाचंही असो, मॅट आमचीच. समोरचा संघ म्हणायचा, केवढं मोठं मन आहे अंकलचं, स्वतःची मॅट घेऊन येतात. दिगंबरराव मान खाली घालून हसायचे. भोकाचं टोक कुठलं ते कळावं म्हणून तिकडच्या खिळ्याला एक निळी चिंधी असायची. मुलं म्हणायची, "काका, हे भोक शिवून घेऊ या की." काका म्हणायचे, "पुढच्या सीझनला बघू." आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून घरी फोनवर मोठमोठ्याने रडायचे, "मॅट फाटलीय हो आमची, काय करणार, एखाद्या दिवशी मीच पाय अडकून पडणार."

हे रडणं त्यांच्या बायको, मालतीबाई, स्वयंपाकघरातून ऐकायच्या. खरं मानायच्या. तिथेच घात झाला.

गेल्या वर्षी मे महिन्यात कुकटपल्लीच्या एका ऑफिसच्या संघाशी रविवारची मॅच ठरली. आदल्या आठवड्यात योगेश घरी आला. योगेश म्हणजे आमचा कप्तान, दिगंबररावांनीच लहानपणी हातात बॅट दिलेला. चहाचा कप फिरवत बसला बराच वेळ.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. पोरं बोलतात."

"काय बोलतात?"

"गेल्या मॅचला तीन कॅच सुटले. या रविवारी विकेट काढली तर पुढच्या सीझनला तुम्ही आहातच, मी सगळ्यांशी भांडतो. नाहीतर मग... आपल्याला स्कोअर लिहायला कुणीतरी चांगलं माणूस लागतंच की."

"एक विकेट?"

"एक पुरे, काका."

दिगंबरराव हसले. जिन्याखाली माझ्याकडे बघून हसले. मीही हसले असते, पण गुंडाळून ठेवलेल्या मॅटला हसता येत नाही.

शनिवारी दुपारी ते पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि मालतीबाई लेकीला, सुप्रियाला, घेऊन जिन्याखाली आल्या. हातात दाभण, नायलॉनची दोरी आणि जुन्या पोत्याचा तुकडा. मला ओढून उलगडलं.

"आई, बाबांना सांगायचं नाही का?"

"नक्को. उद्या मैदानावरच बघू दे. या वयात पडले तर हाड जुळतं का? किती दिवसांपासून रडतायत बिचारे, त्या पोरांना शिवायला होत नाही."

"तू येणार मैदानावर? कधी आली नाहीस."

"येईन की. माझी शिवण बघायला."

मी काय काय केलं म्हणून सांगू. अंग आखडून घेतलं. धूळ उडवली, तर बाईंनी पदर नाकाला लावला. शेवटी काथ्याचं एक टोक त्यांच्या बोटात टोचलं. त्यांनी बोट तोंडात धरलं, "हौ गं, किती कडक आहे ही," म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला. गोधडीला घालतात तसे बारीक, एकाला एक लागून टाके. असं जपून मला कुणी हात लावला नव्हता. आणि एकेका टाक्याला माझा जीव जात होता.

रविवारी सहालाच गाडी निघाली, कारण दहानंतर हैदराबादच्या उन्हात फक्त अंपायर उभे राहतात, तेही शिक्षा म्हणून. एरवी मला अंथरायचं काम दिगंबररावांचं. त्या दिवशी पोरं म्हणाली, "काका, तुम्ही बसा, आम्ही ठोकतो." त्यांनी लांबून निळी चिंधी तेवढी बघितली. पोत्याचा तुकडा काळपट होता. लांबून भोकच वाटावं.

आम्ही आधी बॅटिंग केली, बरी केली. मग योगेशने काकांच्या हातात चेंडू दिला. लिंबाखाली मालतीबाई ताकाची बरणी मांडीशी घेऊन बसल्या होत्या.

पहिला चेंडू. बरोबर भोकाच्या जागी पडला आणि एखाद्या शहाण्या मुलासारखा सरळ गेला. चौकार. दुसरा तिथेच. चौकार. दिगंबररावांनी चेंडू पुसला, टोपी नीट केली, तिसरा टाकला. तोही सरळ. फलंदाज तेलुगू पोरगा होता, स्वभावाने चांगला. म्हणाला, "अंकल, सब बोले थे तुम्हारा बॉल बहोत घूमता. ये तो सीधाच आरा."

पुढच्या ओव्हरला योगेशने भुवया उचलल्या, पण चेंडू काढून घेतला नाही. सगळ्या ओव्हर टाकू दिल्या. चेंडू माझ्यावर पडत होता, मला कळत होतं की आता वळायला हवं, आणि माझ्यात काही उरलं नव्हतं वळवायला.

शेवटच्या ओव्हरचा एक चेंडू उरला तेव्हा ते थांबले. खिळा सैल झालाय म्हणाले आणि हातोडी घेऊन माझ्याजवळ आले. गुडघे मोडून खाली बसले. हात भोकाकडे गेला आणि टाक्यांवर थांबला.

ते टाके त्यांनी ओळखले. रात्री तेच पांघरून झोपतात.

लिंबाखालून मालतीबाईंनी मान उंचावली. दिसलं का, असं हातानेच विचारलं.

दोरीची गाठ त्यांच्या बोटात होती. हातात हातोडी, खिळा. एक झटका दिला असता तर टाके उसवले असते. बाकीच्यांना वाटलं असतं, म्हातारा खिळा ठोकतोय. मी मनात म्हणत होते, उसवा, उसवा, माझा विचार करू नका.

त्यांनी गाठ सोडली. तळव्याने शिवण एकदा सपाट केली, बाईंकडे बघून मान हलवली आणि उठले.

मग त्यांनी तो चेंडू टाकला. मनगट असं फिरवलं की मला माझ्या गावच्या दोरीचा पीळ आठवला. चेंडू पडला आणि वळला. बॅटला चुकवलं. स्टंपला चुकवलं, एका केसाने. आणि इतका वळला की आमच्या विकेटकीपरला, रोहनला, तो दिसलाच नाही. बाय. चार धावा.

"काय राव काका," एवढंच रोहन म्हणाला. सामना आम्ही हरलो.

सतरंजीवर मालतीबाईंनी ताकाचा पेला पुढे केला. "कशी झाली शिवण?"

"पक्की."

"पण तुम्हाला विकेट नाही मिळाली."

"अगं, शेवटचा बघितलास ना? तुझ्या गाठीवर पडला म्हणून वळला. बाकीचे कुठे वळले?"

बाई लाजल्या. सुप्रियाला म्हणाल्या, "बघ, गाठ मी मुद्दाम मोठी घातली होती."

आता मी धडधाकट आहे, एकही भोक नसलेली. सीझन सुरू झाला की मला नेतात. दिगंबरराव सतरंजीवर बसून स्कोअर लिहितात आणि मी समोर पडून त्यांना बघते.

तुम्ही जामबागला येणार असाल तर माझं एक काम करा. तो चेंडू गाठीवर पडला नव्हता. चार बोटं अलीकडे पडला होता, साध्या काथ्यावर. त्यात मी काहीच केलं नव्हतं. त्यांना बाजूला घेऊन एवढं सांगा. फक्त मालतीबाई आत गेल्या आहेत ना, ते आधी बघा.