पूर्ण तपासणी

अंबडच्या त्या कारखान्यात खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर सर्व्हरचीही पूजा होई. वर्षातून त्या एकाच दिवशी सर्व्हर सांभाळणारे ढुंढिराज गायधनी त्याला बंद करू देत. पुन्हा चालू केला, की तो जुना युनिक्स सर्व्हर लगेच कामाला लागत नसे. आधी स्वतःची मेमरी, प्रोसेसर सगळं तपासून बघायचा, मग सावकाश उठायचा. चांगला अर्धा तास जाई. तोवर मंडळी चहा घेत थांबत आणि मालकीणबाई रोहिणी मॅडम विचारत, "काय म्हणतोय तुमचा हत्ती, गायधनी?" तो अर्धा तास म्हणजे गायधनींचा खरा सण.

यंदा ओवीने त्यावर बोळा फिरवला. ही मुलगी उन्हाळ्यात त्यांच्याच हाताखाली लागलेली. तिने मॅडमना विचारून सुरुवातीच्या सेटिंगमध्ये 'पूर्ण' तपासणीऐवजी 'जुजबी' लावून ठेवली. बटण दाबलं आणि चहा कपात ओतेपर्यंत सर्व्हर हजर! टाळ्या पडल्या.

"इतकी वर्षं आम्हाला उगाच ताटकळत ठेवलंत की हो!" मॅडम गायधनींना म्हणाल्या.

सगळे हसले. गायधनीही हसले, पण अंगाची लाही लाही झाली. जळत होते ते, सरळच सांगायचं तर. त्यात ओवीने पेढ्यांचा डबा पुढे केला, "काका, घ्या ना." कारखाना त्यांना सर म्हणे, काका म्हणणारी ही पहिलीच. बरं, पोरगी उद्धट असती तर निदान मनसोक्त रागावता तरी आलं असतं. तीही सोय नव्हती.

दिवाळीनंतर यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या, म्हणून सर्व्हर पुन्हा बंद होणार होता. "चालू ओवीच करेल. तिच्या हातून पटकन होतं," मॅडमनी त्यांच्यादेखत सांगून टाकलं. झालं! आदल्या दुपारी ओवी डबा खायला गेली, तेव्हा गायधनींनी तिचं सेटिंग बदलून पुन्हा 'पूर्ण' केलं. सर्व्हर पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हाच ते लागू होणार होतं. बिघडणार काहीच नव्हतं. फक्त चारचौघांत तिचं हसं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि तसंच झालं. माल भरलेल्या गाड्या फाटकाशी उभ्या, बिलं निघेनात, आणि सर्व्हर आपला आरामात मेमरी तपासतोय. "मी तर जुजबीच लावली होती," म्हणत ओवी रडकुंडीला आली. गायधनी शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसले होते. फार दिवसांनी त्यांना असं गार वाटत होतं.

"ऊठ ओवी, गायधनींना बसू दे," शेवटी मॅडम म्हणाल्या.

ते उठणार, तोच पडद्यावर ओळ उमटली: मेमरीची एक पट्टी खराब. सर्व्हरने ती वगळली आणि तो उरलेल्या मेमरीवर सुरू झाला. देखभालवाल्या इंजिनिअरला फोन लावला, तर तो म्हणाला, "नशीब तुमचं, पूर्ण तपासणी लावली होती! जुजबीत हे सापडलंच नसतं. ऐन कामात बंद पडला असता."

"कोणी लावली ही?" मॅडमनी विचारलं.

"मी नाही," ओवी म्हणाली. पासवर्ड दोघांकडेच होता.

मॅडम गायधनींकडे वळल्या. चेहऱ्यावर तेच जुनं कौतुक होतं. "तुम्ही?"

'हो' ओठांवर आलं होतं. पण पाठोपाठ प्रश्न आला असता: मग पोरगी रडकुंडीला आली होती, तेव्हा गप्प का बसलात?

"छे," गायधनी म्हणाले. "तिनेच लावली असेल. विसरली असेल."

"बघा, केलं तरी मिरवत नाही!" मॅडमनी ओवीच्या पाठीवर हात ठेवला. "शिका जरा हिच्याकडून."

ओवीने एकदा गायधनींकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. तोंड उघडलं असतं, तर त्यांची अब्रू तिथेच गेली असती. पण ती काही बोलली नाही, मुकाट्याने बिलं काढायला बसली.

गायधनींना तिच्या त्या गप्प बसण्याचाही हेवा वाटला.