अंगठ्यातला मृदंग

सत्तेचाळीस सालच्या दिवाळीआधी निजाम सरकारचा हुकूम आला. लोहारा ठाण्याच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, तो आमच्या चावडीवर वाचून दाखवला. परवानगीवाचून कीर्तन नाही, भजन नाही, भाषण नाही. टाळ, मृदंग, वीणा घेऊन जमायचं नाही. कागद घडी करताना त्यांनी रामकिसनबुवांकडं पाहिलं.

"बुवा, समझे ना?"

बुवांना समजलं होतं. ऑगस्टात कीर्तनात दोन वाक्यं जास्त बोलले म्हणून ते दोन महिने आत राहून आले होते, आणि येताना छातीत खोकला घेऊन आले होते. वय सत्तर. पुन्हा आत गेले तर परत येणार नाहीत, हे सगळ्या गावाला कळत होतं. पण मार्गशीर्षातला आमचा सप्ताह एकतीस वर्षं कधी खंडला नव्हता. बुवा म्हणाले, "सहा दिवस घरोघर मनात नाम घ्या. काल्याच्या दिवशी मी देवापुढं उभा राहणार. एकटा तर एकटा." आणि उभे राहिले की ते गाणार, यात कुणाला शंका नव्हती.

मी उत्तरेश्वर, बुवांच्या मागं वीस वर्षं टाळ धरून उभा राहिलेला माणूस. देवानं मला गळा दिला नाही. कीर्तन ऐकायचे कान तेवढे दिले. मी चावडीच्या कट्ट्यावर डोकं धरून बसलो होतो, तेव्हा वीरप्पा जवळ आला.

"मामा, कागदावर गिटारीचं नाव हाय का?"

वीरप्पा म्हणजे कापसाचे व्यापारी महालिंगप्पांचा मुलगा. लढाईत आसामकडं लष्करी लॉरी चालवून आलेला. तिथं एका काळ्या अमेरिकन शिपायाशी त्याची दोस्ती जमली. त्यानं ह्याला गिटार दिली आणि एक गत शिकवली. पुढं लॉरी चालू करताना हँडल उलटं फिरलं आणि वीरप्पाचा उजवा अंगठा सांध्यात मोडला. तेव्हापासून गिटार कापसाच्या खोलीत खुंटीला.

"अंगठ्याबिगर ती गत वाजत न्हाय," तो म्हणाला. "माझा गेला. तुमचा हाय."

अभंग तारेवर देवापर्यंत पोचला तर आपण तोंड उघडणार नाही, असं बुवांनी कबूल केलं, तेव्हा आम्ही लोहाऱ्याला जाऊन अमीनसाहेबांना विचारलं. ते हसले. "अकेला बाजा? बजाव. मगर मुंह से एक लफ्ज़ निकला, किसी के भी, तो बुवा को उसी दम ले जाऊंगा. मैं खुद आता सुनने को."

किसी के भी. परतीच्या वाटेवर ते तीन शब्द माझ्या पायांत अडकत होते. अभंगाचं ध्रुपद, ती परत परत येणारी ओळ, आली की आमचं देऊळ ती आपोआप उचलतं. त्यात तुळजाआत्या सगळ्यांत पुढं.

कापसाच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. चहूबाजूंनी पोती, आवाज बाहेर जात नसे.

"जाड तारा अंगठ्याच्या, बारीक तारा बोटांच्या," वीरप्पा म्हणाला. "अंगठा म्हणजी मृदंग. धों-धों, धों-धों, थांबायचं न्हाय. बोटं म्हणजी बुवा. बुवा मृदंगाला इचारून बोलत्यात का?"

आधी त्याची गत शिकलो, मग त्याच अंगठ्यावर काल्याच्या अभंगाची चाल बसवायला घेतली. डाव्या हाताची बोटं सोलून निघाली. कमलबाई, माझी बायको, हळद-तेल लावता लावता म्हणायची, "वीस वर्सं टाळानं केलं न्हाय ते ह्या खोक्यानं केलं."

अंगठा बसला, बोटंही बसली. अडलं ते समेवर. टाळकऱ्याचे हात माझे! सम आली की दोन्ही टाळ एकमेकांवर पडायचे, तसे अंगठा नि बोट एकाच क्षणी तारेवर पडत.

"पुन्ना पडलं! मामा, ह्यो टाळ न्हाय. अंगठ्याला जाऊ द्या म्होरं, मग सूर टाका."

"चुकल्यावानी वाटतं रे."

"वाटू द्या. त्या अमेरिकन गड्याचा पणजा गुलाम व्हता, गोऱ्या मालकाच्या कापसात राबायचा. ढोल वाजवायला बंदी. मग त्यांच्यातल्या लोकांनी ढोल अंगठ्यात लपवला म्हणं. मालक ऐकायचा, पण पाऊल कुठं टाकायचं ते त्याला गावायचं न्हाय."

मी पोत्यांकडं बघत राहिलो.

काल्याला आठ दिवस उरले तेव्हा आम्ही तुळजाआत्याला खोलीत आणून बसवलं. तोंड उघडायचं नाही असं तिला बजावलं. मी वाजवलं. ध्रुपदाची सम आली, बोट अंगठ्याबरोबर पडलं, आणि आत्यानं खणखणीत ओळ उचलली. मग दचकून पदर तोंडात कोंबला.

"म्या न्हाय म्हनले रे! तुझ्या बोटानं म्हनवलं."

एका बोटानं बुवा जाणार होते.

मी बुवांकडं गेलो. काही न लपवता सांगितलं. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती गेल्यावर म्हणाले, "उत्तरेश्वरा, वीस वर्षं माझ्या मागं उभा राहून एवढं दिसलं नाही? शब्द वेळेवर दिला की लोक म्हणतात. उशिरा दिला की ऐकतात."

काल्याच्या सकाळी देऊळ भरलं, आणि एवढ्या माणसांत भांड्याचाही आवाज नव्हता. अमीनसाहेब खांबाला टेकून बसले, चार जवान दारात. बुवा देवापुढं हात जोडून उभे. मी अंगठा सुरू केला.

ध्रुपद जवळ आलं. बायकांच्या बाजूला आत्याचे ओठ हलले. सम आली. अंगठा पडला आणि पुढं गेला. बोट मी धरून ठेवलं. वीस वर्षांची सवय मनगटातून ओरडत होती. मी धरून ठेवलं. दोनशे माणसांचा श्वास वर अडकला, आणि मग सूर पडला. उचलायची जागा निघून गेली होती. आत्याचं तोंड उघडलं तसंच मिटलं, आणि तिनं पदर तोंडात धरला. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा बुवांना खोकला आला. अमीनसाहेब अर्धे उठले, बुवांच्या तोंडाकडं बघत राहिले. खोकलाच होता. ते बसले. त्यांची छडी गुडघ्यावर ठेका धरू बघत होती आणि दर वेळी चुकत होती.

शेवट जवळ आला तेव्हा मला जयजयकार आठवला. शिकताना हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कीर्तन संपलं की अख्खं देऊळ जयजयकार करतं. शेवटचा सूर टाकला की ते होणारच. मी चाल पुन्हा पहिल्यापासून घेतली. पुन्हा शेवट आला. पुन्हा घेतली. मनगट दगडासारखं झालं.

"खतम नहीं होता क्या ये?" अमीनसाहेब ओरडले.

उत्तर द्यायचं कुणी? तोंड उघडायची बंदी त्यांचीच. वीरप्पानं आपला ताठ अंगठा वर धरून नुसता हलवला. अजून बाकी आहे.

साहेबांनी घड्याळ काढलं, बुवांकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. मग उठले. घोड्यांच्या टापा वेशीपर्यंत ऐकू आल्या, मग ओढ्याच्या पाण्यात, मग पलीकडच्या चढाला. अंगठा चालूच होता. टापा पार विरल्या, तेव्हा मी शेवटचा सूर टाकला.

कुणी ओरडलं नाही. सगळी माझ्या बोटाकडंच बघत थांबली होती.

तुळजाआत्यानं तोंडातला पदर काढला.

"आता तरी म्हनू का रे, बाबा?"