इरिनीची सही

इरिनीचं डोकं नुसतं भणभणत होतं. शाळेच्या प्रदर्शनात, भिंतीच्या अगदी मधोमध तिचा कागद लावला होता, पण त्याची खालची दोन बोटं रुंदीची पट्टी कुणीतरी कातरून टाकली होती. नेमकी तिच्या नावाची पट्टी.

सव्वीस कागद बिघडवून सत्ताविसाव्यावर तिला अरबी अक्षरांत ‘अल्लाह’ हा शब्द जमला होता. उभा ताठ अलिफ, हातात हात घातलेले दोन लाम आणि शेवटचं ‘हा’ हे अक्षर बोरूच्या टोकाने असं गोल वळवलेलं की तिची स्वतःचीच त्याला दृष्ट लागावी. इजिप्तमधल्या अख्ख्या मिन्या शहरात तिचा पहिला नंबर आला होता, काही गंमत नाही.

ती थेट नगवाबाईंकडे गेली. सुलेखन त्याच शिकवत. त्यांनी लपवाछपवी केली नाही. उद्या वरचे साहेब येणार, या शब्दाखाली ख्रिश्चन मुलीचं नाव बघून उगाच चर्चा होईल, तुझ्या भल्यासाठीच केलं, म्हणाल्या. पुढच्या वेळी तुमच्यातलं काहीतरी कर. एखादं छानसं कबूतर काढ.

“बाई, माझी आजी उठता-बसता कुणाला हाक मारते?” इरिनीचा आवाज चिरकला. “कबुतराला? आमच्या चर्चच्या दारावर हाच शब्द आहे. अरबीत देवाला दुसरा शब्द कुठून आणू?”

बाईंना तास होता. त्या गेल्या.

इरिनीने दौत-बोरू घेतला, भिंतीपाशी स्टूल ओढलं आणि वर चढली. दुसऱ्या नंबरची हिबा धावत आली आणि तिने स्टूल गच्च धरलं. “पडू नकोस गं, नाहीतर खाली माझं नाव लावतील.”

दोन लामांच्या मधल्या पांढऱ्या फटीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, इरिनीने लिहिलं: इरिनी मिलाद गिरगिस. बापाचं, आजोबांचं, सगळं.

तास संपवून बाई परत आल्या. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, टेबलावरची कात्री उचलली. कागदाजवळ नेली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. शब्दाला धक्का न लावता नाव काढायला जागाच नव्हती, आणि त्या शब्दावर कात्री चालवणं त्यांच्याच्याने या जन्मी होणार नव्हतं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

इरिनीचा राग मात्र तसूभरही उतरला नव्हता.

“आणि बाई,” ती स्टुलावरूनच म्हणाली, “माझी पट्टी कुठे टाकलीत?”