लाल दोऱ्याचं घड्याळ

डोळे मिटा पाहू. समोर एक चिंचोळं दुकान आहे आणि भिंतींवर घड्याळंच घड्याळं. सगळी दुरुस्तीला आलेली, म्हणून एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. फक्त गल्ल्यामागच्या घड्याळाला लाल दोरा बांधलाय. घड्याळजी ते रोज स्वतः लावतात. लेकीला त्यांची एकच ताकीद असते: बाकीची कितीही ठणाणा करू देत, वेळ विचारायची ती याला.

त्या दुपारी घड्याळजी कुणाकडे तरी घड्याळ बसवायला गेले होते, आणि फोन दुकानातच विसरले होते. लेक धाकट्या भावाला सांभाळत होती. दिसेल ते तोंडात घालून गोल झालेला म्हणून त्याला सगळे भोपळ्या म्हणत.

अचानक भोपळ्या गप्प झाला. तोंडातून नुसती लाळ गळायला लागली. टेबलावरची सेलची डबी उघडी होती आणि बटणाएवढा एक सेल कमी होता.

ताईनं बाबांच्या फोनवरून आईला फोन लावला. आईनं तो उचलला नाही. मग तिनं फोनवरच शोधलं, तर जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कुणी म्हणे, केळं द्या. कुणी म्हणे, काही होत नाही, वाट बघा. एक हसरा माणूस सांगत होता, मिठाचं पाणी पाजा, ओकून पडेल. लाखो लोकांना ते आवडलं होतं. तिनं पेल्यात मीठ कालवलं. पेला भोपळ्याच्या ओठांशी नेला.

इतक्यात एका घड्याळानं टोले दिले. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. प्रत्येकाचे टोले वेगळे. तिची नजर लाल दोऱ्याकडे गेली. ते घड्याळ गप्प होतं; तास अजून व्हायचाच होता.

हा हसरा माणूस कोण? नाव नाही, पत्ता नाही. तिनं पेला खाली ठेवला आणि पुन्हा शोधलं, या वेळी सांगणारा कोण ते आधी बघत. बरंच खाली एक साधं पान निघालं, लहान मुलांच्या दवाखान्याचं. खाली डॉक्टरांची नावं होती, फोन नंबर होता. त्यावर लिहिलं होतं: ओकारी काढू नका, थांबू नका, लगेच फोन करा. तिनं तो नंबर लावला.

"भावानं घड्याळाचा सेल गिळलाय," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

"काही पाजलंस का, बाळ?"

"नाही. पाजणार होते."

"नको पाजूस. पत्ता सांग, गाडी निघतेय."

तिनं पत्ता सांगितला. भोपळ्याला कडेवर घेतलं, डॉक्टरांना दाखवायला डबीतला तसाच दुसरा सेल मुठीत घट्ट धरला, आणि गाडीवाल्याला लांबून दिसेल अशी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.