डॅशबोर्डवरची मूर्ती

शंभराची नोट हातात आली तरी मल्हारी पगारे ती आधी उजेडाकडे धरून बघायचे. पाटबंधारे खात्यात अठ्ठावीस वर्षं लोकांची कागदपत्रं तपासली की माणसाचं असंच होतं म्हणा. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणार, एका डॉक्टरनं लिहिलेली गोळी दुसऱ्याला विचारून घेणार. "लग्न ठरवताना माझी मार्कशीट मागितली होती यांनी," असं उज्वलाबाई पाहुण्यांना हसत सांगायच्या. हसत सांगायच्या, पण मागितली होती हे खरं.

अशा माणसावर जुनी गाडी घ्यायची पाळी आली. उज्वलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची बदली झाली ती थेट पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर. एसटीचा भरवसा नाही, काळीपिवळी जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली, आणि रोज सावळघाट चढायचा-उतरायचा. बाईंनी मग पन्नाशीत गाडी शिकून घेतली, तीही पहिल्या फटक्यात लायसन मिळवून. आता घाटात दगा देणार नाही अशी गाडी तेवढी हवी होती.

आडगावच्या बाजूला हायवेवर जुन्या गाड्यांचं एक शोरूम होतं. तिथला कुंदन म्हणजे गोड बोलण्याची टाकीच. मल्हारींना तो बघताक्षणी संशयास्पद वाटला. इतकं गोड कशाला बोलायचं माणसानं? त्यांनी घरच्या फ्रिजवरचं लोहचुंबक खिशातून काढलं आणि पांढऱ्या गाडीच्या दारांवर, बॉनेटवर लावून बघितलं. ठोकलेल्या पत्र्यावर कुठं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर चुंबक चिकटत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सगळीकडे चिकटलं. मग मोबाइलवर टायरचे, काचांचे, किलोमीटरच्या आकड्याचे मिळून बेचाळीस फोटो काढले.

"अवश्य काढा साहेब," कुंदन म्हणाला. "तेवढा चौकशीचा फॉर्म भरा."

मल्हारींनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला: तक्षशिला कॉलनी, नाशिकरोड. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि शोरूमभर भीमगीत घुमलं. फोन आटोपून ते म्हणाले, "रविवारी आमचा मेकॅनिक येऊन बघेल. मगच पुढचं बोलू."

रविवारी ते बाईंना घेऊन दहालाच पोचले. मेकॅनिक रवी अकराला येणार होता. कुंदननं गाडी धुऊनपुसून बाहेर काढून ठेवली होती. मल्हारींनी दार उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. डॅशबोर्डवर बोटभर उंचीची, पांढरी, ध्यानस्थ बुद्धमूर्ती. मागच्या काचेवर निळं अशोकचक्र.

"आधीच्या मालकांची आहे साहेब," कुंदन हळू आवाजात म्हणाला. "बँकेत होते. गाडी देताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मूर्ती काढू नका म्हणाले, आपल्याच कुणाच्या तरी घरी जाऊ द्या म्हणाले."

काय सांगावं आता. नोट उजेडाकडे धरणारा हा माणूस एका वाक्यात विरघळला. त्यांनी रवीला फोन लावला, "राहू दे रे, येऊ नकोस."

"अहो, येऊ द्या की त्याला," बाई म्हणाल्या. "तासाभराचा तर प्रश्न आहे."

"अगं, आपल्या माणसाची गाडी आहे. आपला माणूस खोटी गाडी देईल का?"

'गाडी स्वतः पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली' असं छापलेल्या कागदावर त्यांनी सही केली. एरवी विजेचं बिलसुद्धा तीनदा वाचायचे.

आठ दिवसांनी बाई म्हणाल्या, "ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते हो."

"तुझा हात बसला नाही अजून," मल्हारी म्हणाले. चार दिवसांनी त्या पुन्हा तेच म्हणाल्या, आणि यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. आणि मग एका संध्याकाळी, घाट उतरताना, गाडी कठड्याला घासून थांबली. बाईंना खरचटलंही नाही. पण मल्हारींनी त्याच रात्री रवीला फोन लावला.

सकाळी दोघं गाडी घेऊन गॅरेजात गेले. रवीनं ती वर घेतली, आतली मॅट उपटली आणि खालच्या पत्र्यावरून बोट फिरवलं.

"काका, ही एक गाडी नाही," तो म्हणाला. "पुढचा अर्धा भाग एकीचा, मागचा दुसरीचा. मधे जोड मारलाय. काकूंना हिच्यातून घाटात पाठवत होता तुम्ही?"

मल्हारींनी तक्रारीसाठी पुरावा म्हणून पहिल्या दिवशीचे फोटो उघडले. किलोमीटरच्या आकड्याचा फोटो आला. त्यांनी तो मोठा केला, मग आणखी मोठा केला. डॅशबोर्ड रिकामा होता. मागची काचही कोरी होती. बेचाळीस फोटो त्यांनीच काढलेले, आणि पंधरा दिवसांत एकदाही उघडून बघितले नव्हते.

बाईंना गॅरेजातच बसवून ते रिक्षानं शोरूमवर गेले. कुंदन वणीकडच्या एका नवराबायकोला चंदेरी गाडी दाखवत होता. डॅशबोर्डवर सप्तशृंगीचा फोटो, आरशाला लाल चुनरी. "दर चैत्राला गडावर जाणारी गाडी आहे दादा," तो हळू आवाजात सांगत होता.

मल्हारी सरळ त्या माणसापाशी गेले. "भाऊ, तुम्ही आधी एकदा गाडी बघून गेला असाल ना? तेव्हा हा फोटो होता का हिच्यात?"

"तुम्ही कोण?"

"पलीकडच्या शोरूमचा माणूस आहे तो," कुंदन शांतपणे म्हणाला. "आमची गिऱ्हाइकं फोडतो."

"मी मागच्या पंधरवड्यात इथूनच गाडी घेतलीय. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय घेऊ नका, एवढंच सांगतो."

"देवीच्या फोटोवर संशय घेता?" तो माणूस म्हणाला. "आम्हाला नाय पटत असलं. तुम्ही निघा." त्याच्या बायकोनं फोटोला हात जोडले. मल्हारींना तो चेहरा ओळखीचा वाटला. पंधरा दिवसांपूर्वी याच जागी त्यांचा स्वतःचा तसाच झाला होता. कुंदननं खणातून कागद काढून समोर धरला. "सही तुमचीच ना साहेब?"

ते गॅरेजात परतले तेव्हा बाई गाडीतलं सामान काढत होत्या. शाळेचं हजेरीपत्रक, पाण्याची बाटली, छत्री. मूर्तीखालची चिकटपट्टी त्यांनी नखानं हळूहळू सोडवली आणि मूर्ती रुमालात गुंडाळली.

"घरी नेते हिला. हिचा काय दोष," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "एक सांगू? गाडी ओढायला लागली की मला फार भीती वाटायची. पण आपल्या माणसाची गाडी आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. मग मी या मूर्तीकडे बघायचे आणि ब्रेक दाबायचे. रोज, जाता-येता."

मल्हारींना त्यांच्याकडे बघवेना. तक्रार करायची होती, ती त्यांनी त्याच दुपारी फोटो जोडून केली. पण बाईंचं ते बोलणं डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंना सोडायला पेठ नाक्यावर गेले. काळीपिवळी आली. मल्हारी सवयीनं टायर बघायला वाकले. ते उठून उभे राहीपर्यंत बाई आत जाऊन बसल्या होत्या. काय दिसलं, हे त्यांनी विचारलं नाही.