समोरची खुर्ची

मित्रांनो, मी खुर्ची आहे, पण मोठ्या माणसांची नव्हे. त्यांच्या टेबलासमोर असते ना, ती. साधी लाकडी, वेताची, आता जुनी झालेली. पाय फार दुखतात, पण जरा टेकते म्हणायची माझ्या जातीला सोय नाही.

सुताराने मला विद्यापीठाच्या कायदा विभागासाठी घडवलं. तिथे एक बाई राज्यघटना शिकवायच्या. एखाद्या विद्यार्थ्याला माझ्यावर बसवायच्या, त्याच्यावर काहीतरी खोटाच आरोप ठेवायच्या आणि वर्गाला विचारायच्या, "द्यायची याला शिक्षा?" सगळे हौसेने हो म्हणायचे. "त्याला विचारलंत?" बाई लगेच म्हणायच्या. ज्याच्याविषयी ठरवायचं, त्याचं आधी ऐकायचं, हे मुलं माझ्यामुळेच शिकली, असं मी आपलं समजते.

बाईंनी जाडजूड पुस्तकं लिहिली, विभागप्रमुख झाल्या, पुढे कुलगुरू झाल्या. नव्या दालनात गुबगुबीत सोफे होते, तरी शिपाईमामांना धाडून त्यांनी मला मागवून घेतलं. माझ्यावर कोण नाही बसलं? कॉपी करताना सापडलेले, बढती अडलेले, घोषणा देऊन घसा बसलेले. बाई सगळ्यांचं ऐकायच्या. त्यांचा चहा समोर तसाच निवून जायचा. घरी जायला रोज उशीर. डोळ्यांखाली काळं आलं. मला कळायचं, कारण माझं तोंड कायम त्यांच्याकडेच.

एका संध्याकाळी त्यांनी पीएंना राजीनामा लिहून घ्यायला सांगितला.

"कारण काय लिहू?"

"घरगुती. मुलीकडे लक्ष द्यायचंय."

त्यांची मुलगी शाळा सुटली की दालनातच येऊन अभ्यास करायची. ती कोपऱ्यातून उठली आणि सरळ माझ्यावर येऊन बसली.

"मॅडम, माझी तक्रार आहे."

"मॅडम काय गं?"

"ऑफिसात आई म्हटलं की पीएकाका डोळे वटारतात." पीएंनी कागदात तोंड घातलं.

"बरं, बोला."

"माझ्यासाठी सोडतेयस आणि मलाच विचारलं नाहीस."

"अगं, तूच म्हणतेस ना, आई कधी घरी नसते."

"म्हणते. रोज म्हणेन. पण सोड कुठे म्हटलं? उद्या घरी कंटाळलीस की माझ्याकडे बघून उसासे टाकशील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दमलीयस ना? मग तसं सांग. मला कारण करू नकोस."

बाईंनी पीएंसमोरचा कागद ओढून घेतला, वाचला आणि परत दिला.

"ते वाक्य खोडा," त्या पीएंना म्हणाल्या. "लिहा, मी दमले आहे. मला पुन्हा वर्गावर जायचं आहे." मग मुलीकडे वळल्या. "चालेल?"

"ते तुझं तू ठरव. मला विचारलंस, झालं."

बाई पुन्हा वर्गावर गेल्या. नव्या साहेबांच्या दालनात मी शोभेना. आता जिन्याखाली असते, फुटक्या कुंड्यांशेजारी. वेत उसवलाय. कुणी विणून दिला तर बरंच, पण माझा हट्ट नाही. मागणं दुसरंच आहे. मित्रांनो, तुमच्या भल्याचं कुणी तुम्हाला न विचारता ठरवायला लागलं, तर समोर जाऊन बसा आणि आपलं म्हणणं मांडा. आणि आई दमून, गप्प होऊन घरी आली, तर तिच्याही समोर बसा. दिवसभर सगळ्यांचं ऐकून आलेली असते ती. तिचं ऐकायचंच राहिलेलं असतं.