आडवी दांडी

रुनारने पाण्याखाली जाणारं यंत्र बांधायला घेतलं, तेव्हा ग्रानहोल्म बेटावरच्या एकशे अठरा माणसांपैकी एकानेही त्याला विचारलं नाही, की बाबा रे, हे कशासाठी? कारण कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि जे सगळ्यांना ठाऊक आहे ते बोलून दाखवणं म्हणजे त्या बेटावर चर्चमध्ये मोठ्याने जांभई देण्यापैकी.

चाळीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी, रुनारचा थोरला भाऊ बोर्ये आपली 'स्वेया' नावाची लाकडी होडी घेऊन हेरिंग मासे धरायला गेला तो परत आला नाही. आठव्या दिवशी त्याचा देह एका खडकापाशी सापडला. होडी मात्र अडतीस मीटर खोल राहिली. चौकशी झाली, अहवाल आला, त्यात 'कारण अनिश्चित' असं लिहिलं होतं. बेटाला कारण निश्चित माहीत होतं. डेक धुण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेणारा एक पाइप होडीच्या तळाशी होता आणि त्यावर एक व्हॉल्व्ह होता. व्हॉल्व्हच्या पुढची रबरी नळी कुजली होती. नवी मिळेपर्यंत तो व्हॉल्व्ह बंद ठेवणं हे रुनारचं काम, कारण भावाभावांत वाटणीच तशी होती: मासे बोर्येचे, इंजिन रुनारचं. तर रुनार विसरला, नळी फाटली, समुद्र आत आला. संपलं.

हे त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही. लोक पूर्वीसारखीच त्याच्याकडे इंजिनं आणत. पंप, पिस्टन, गिअर, सगळं त्याच्याकडून करून घेत, कॉफी पीत, आभार मानत आणि व्हॉल्व्ह तेवढा घरी नेऊन स्वतःच्या हाताने बसवत. चाळीस वर्षांत बेटावरचा एकही व्हॉल्व्ह रुनारच्या हाताखालून गेला नाही. याला तिथे सभ्यपणा म्हणतात.

आणि रुनारला काय वाटत होतं? त्याला आठवत होतं, की त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी इंजिनाशेजारी पोटावर पडून आपण तो बंद केला. पण एकच आठवण रोज काढून पुसून बघितली तर तीही नाण्यासारखी गुळगुळीत होते. अलीकडे अलीकडे तर त्याला दोन्ही आठवायला लागलं होतं, बंद केल्याचंही आणि न केल्याचंही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हे बरं नाही. मरताना कोणती आठवण घेऊन जायची ते तरी ठरायला हवं.

म्हणून यंत्र. सांगाड्याला सांडपाण्याचे करडे पाइप. होडीतलं पाणी उपसायचे तीन छोटे पंप, त्यांची तोंडं कापून त्यांना पंखे लावलेले: दोन पुढे-मागे जायला, एक वर-खाली. गाडी मागे घेताना लागतो तसला कॅमेरा त्याने आधी काकडीच्या लोणच्याच्या बरणीत बसवला होता. वीस मीटरवर झाकण आत दबलं आणि कॅमेरा व्हिनेगरचा वास घेत वारला. दुसरा त्याने काचेमागे राळ ओतून कायमचा पुरला. नव्वद मीटर केबल, तिला दर दोन मीटरवर जाळ्याचं बूच. हुकमाला दारावरच्या घंटीची बटणं, सहा. हे सगळं उभं केलं तेव्हा ते हुबेहूब कपडे वाळत घालायच्या घोडीसारखं दिसलं, आणि बेटाने त्याचं नाव घोडीच ठेवलं. तोंडावर नव्हे, अर्थात.

घोडी पाण्यात ना बुडावी ना तरंगावी, अशी तोलावी लागते. रुनारने ती सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, मागे ठेवलेल्या पावसाच्या पाण्याच्या पिंपात दोन आठवडे खपून तोलली. समुद्रात टाकली तर बुचासारखी वर. समुद्राचं पाणी खारट असतं आणि खारट पाणी जास्त उचलतं, हे जन्मभर समुद्रावर काढलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी त्याने तिच्या पोटाला कॉफीचे चार चमचे बांधले.

मेच्या पहिल्या आठवड्यात गुनवोर शेडच्या दारात येऊन उभी राहिली. गुनवोर म्हणजे बोर्येची बायको. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ. गेली चाळीस वर्षं ती दर रविवारी रुनारला जेवायला बोलवत होती, आणि त्या दोन हजार रविवारांत 'स्वेया'चं नाव एकदाही निघालं नव्हतं.

"कधी जायचंय?" तिने विचारलं.

"कुठे?"

"रुनार, मी म्हातारी झालेय, खुळी नाही."

रुनारने पाना खाली ठेवला. "वाल्देमार त्याची होडी देतोय. शेवाळाने पाणी हिरवं व्हायच्या आत जायला हवं. गुरुवारी वारा नाही म्हणतात."

"केबल कोण धरणार?"

"वाल्देमार."

"तो बोलायला लागला की हात सोडतो. मी धरीन."

वाल्देमार हा निवृत्त पायलट, म्हणजे परक्या जहाजांना खडकांतून वाट दाखवणारा. तीस वर्षं तो तीन भाषांत बोलला आणि एकाही भाषेत ऐकलं नाही, अशी त्याची ख्याती होती.

गुरुवारी समुद्र ताटासारखा सपाट होता. 'स्वेया'ची जागा शोधावी लागली नाही. बेटावरच्या निम्म्या जाळ्यांचे तुकडे तिच्यावर अडकलेले होते. वाल्देमारने नांगर टाकला.

"तुझी ही घोडी खाली गवत खायला थांबली तर?" तो म्हणाला.

"तर तुला पाठवू आणायला," गुनवोर म्हणाली. "तू हवेने भरलेलाच आहेस, वर यायची काळजी नाही."

रुनारने बटण दाबलं. घोडी गेली. छोट्या पडद्यावर आधी हिरवं, मग तपकिरी, मग काळं. गुनवोर केबल हातातून सोडत होती आणि बुचं मोजत होती. एकोणिसाव्या बुचाला दिव्याच्या उजेडात एक लाकडी कठडा आला.

त्या समुद्रात लाकूड खाणारा किडा नाही. लाकूड तिथे राहतं. कठड्यावरचा निळा रंगसुद्धा राहिला होता, आणि तो रंग गुनवोरने स्वतः दिलेला होता. केबल तिने दोन्ही हातांनी धरली.

इंजिनावरचं डेकमधलं झाकण उघडंच होतं. रुनारने घोडी तिरकी करून आत उतरवली. पंख्याने गाळ उडाला आणि पडद्यावर नुसता दुधाचा चहा झाला. "आता थांबायचं," रुनार म्हणाला. तिघं थांबले. वाल्देमारसुद्धा गप्प राहिला, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

गाळ बसला. इंजिन दिसलं. त्याच्या डावीकडे पाइप दिसला, त्यापुढे उभी फाटलेली काळी नळी, आणि पाइपावर पितळी व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हची दांडी पाइपाला आडवी होती.

आता हे त्या किनाऱ्यावर पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. दांडी पाइपाबरोबर सरळ असली तर व्हॉल्व्ह उघडा, आडवी असली तर बंद.

"बंद!" वाल्देमार इतक्या जोरात ओरडला की होडी हलली. "अरे बंद आहे! रुनार, लेका, बंद होता रे! आडवी दांडी, बघ की डोळे उघडून!"

"पण नळी फाटलीये," गुनवोर म्हणाली.

"चाळीस वर्षं पाण्यात तू राहिलीस तर तूही फाटशील! लाट असेल. फळी निसटली असेल. समुद्राला काय, कारण द्यावं लागतं?"

रुनारच्या छातीतून काहीतरी सुटलं. हवा असावी. चाळीस वर्षं धरून ठेवलेली. त्याने दांडी नीट बघावी म्हणून घोडी अजून हातभर पुढे घेतली, आणि तिथेच चुकला. दांडीच्या मुळाशी नट नव्हता. नटाच्या जागी तांब्याची तार होती, चार वेढे, टोक आत वळवलेलं. तार तशी वळवणारा माणूस बेटावर एकच.

मग त्याच्या अंगठ्याला आठवलं. डोक्याला नव्हे, अंगठ्याला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने तिथे मोठा पंप बसवला होता. त्यानंतर दांडी फिरवली की पंपावर आपटायची. दांडी चौकोनी खुंटीवर बसते, म्हणजे चारही बाजूंनी बसू शकते. रुनारने ती काढली, पाव फेरा फिरवून बसवली आणि नट बसेना म्हणून तारेने बांधली. त्या दिवसापासून जगात एकाच होडीत सगळं उलटं होतं: सरळ म्हणजे बंद, आडवी म्हणजे उघडा. बोर्येला सांगायला हवं होतं. पण बोर्ये कधी खाली उतरायचाच नाही. इंजिन रुनारचं, मासे बोर्येचे. कशाला सांगायचं?

म्हणजे बुधवारी रुनारने व्हॉल्व्ह बंदच केला होता. दांडी सरळ. नंतर ती कुणीतरी आडवी केली होती, आणि त्या होडीवर दुसरं माणूस एकच होतं.

"तो गेला होता खाली," गुनवोर म्हणाली. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा रुनारने कधी पाहिला नव्हता इतका तरुण झाला होता. "शुक्रवारी मीच त्याला फाटकातून हाक मारली. म्हटलं, रुनारने फोनवर सांगितलंय ना व्हॉल्व्ह बंदच हवा म्हणून, मग नुसतं हो हो करू नकोस, स्वतः खाली उतर आणि बंद आहे का बघ. तो हसला. मला वाटायचं, बघितलंच नाही त्याने. मला वाटायचं, शेवटची गोष्ट सांगितली तीही ऐकली नाही." तिने एक हात सोडून रुनारच्या बाहीवर ठेवला. "ऐकलं रे त्याने माझं. आणि तुझ्याबद्दल मी... मला माफ कर. दर रविवारी बटाटे वाढताना माझ्या मनात यायचं. दर रविवारी."

"बटाटे चांगले असायचे," रुनार म्हणाला.

दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं तर रुनारचं ओझं अर्धं हलकं होत होतं: विसरलो नव्हतो, फक्त सांगितलं नव्हतं. उरलेलं अर्धं कुठे जाणार तेही उघड होतं. फाटकात. हाक मारणाऱ्या बाईकडे.

घोडी वर आली. तिच्या सांगाड्याला चाळीस वर्षांचा गाळ लागला होता आणि दोन चमचे कमी झाले होते.

धक्क्याला लागेपर्यंत बेटाला बातमी पोचली होती. वाल्देमारकडे फोन होता. शनिवारी रुनारच्या दारात ओस्कार सुतार आला. हातात फडकं, फडक्यात व्हॉल्व्ह. "जरा गळतोय," तो म्हणाला आणि लाजला. सोमवारपर्यंत शेडच्या बाकावर अकरा व्हॉल्व्ह जमले. त्यांतले सात मुळीच गळत नव्हते. त्या बेटावर क्षमा अशीच मागतात. रुनार रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायचा, एक उचलायचा, दांडी आडवी करायचा, सरळ करायचा आणि परत ठेवायचा.

बुधवारी त्याने ठरवलं, सांगून टाकायचं. गुनवोरच्या स्वयंपाकघरात तो गेला तेव्हा टेबलावर एक कागद होता. वाल्देमार बेटाच्या पत्रिकेत छापणार होता, आणि इंजिनाच्या जाणत्याची सही हवी होती. रुनारने वाचलं. 'मे महिन्यात केलेल्या पाहणीत व्हॉल्व्ह बंद असल्याचं आढळलं.'

"हे असं नको," रुनार म्हणाला. त्याने पेनाने 'बंद' खोडलं आणि वर लिहिलं: 'व्हॉल्व्हची दांडी आडवी असल्याचं.'

गुनवोरने चष्मा लावून वाचलं. "आडवी म्हणजे बंदच ना?"

रुनारने तोंड उघडलं. खिडकीत बोर्येचा फोटो होता, त्याच्यापुढे तिने आज ताजी फुलं ठेवली होती. इतकी वर्षं तिथे फुलं कधी नसायची.

"सगळीकडे तसंच असतं," तो म्हणाला.

"मग सरळ लिही की. लोकांना कोडी घालू नयेत." तिने पेन त्याच्या हातातून घेतलं, आडवी दांडी खोडली आणि ठळक, शाळेतल्या अक्षरात लिहिलं: 'व्हॉल्व्ह बंद होता. तो बोर्येने स्वतः खाली उतरून बंद केला होता.' मग कागद त्याच्याकडे सरकवला. "कर सही."

खालचं वाक्य रुनारने दोनदा वाचलं. त्यातलं एक अक्षरही बोर्येला नाकबूल झालं नसतं. त्याने बंदच केला होता, त्याच्या समजुतीने. रुनारने सही केली. अक्षर चांगलं आलं.

"आता तरी नीट झोप लागेल बघ तुला," गुनवोर म्हणाली आणि कॉफीची किटली उचलली.

रुनारने कप पुढे केला. "काळी दे," तो म्हणाला. "कडक."